बाकाच्या दुसऱ्या टोकाचे गृहस्थ

लॉकडाऊनच्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका तळ्याकाठी आम्ही दोघं रोज एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मराठी बोलायला माणूस मिळाला, एवढंच मला पुरे होतं. आहार, झोप, व्यायाम यांवरच्या संशोधनात कितपत दम आहे ते तपासणं, हा त्यांचा पेशा.

घरून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काही मी वाचून दाखवलं, की हातमोज्यातलं बोट वर व्हायचं. "काढा पिणारे बरे झाले म्हणता. आणि न पिणारे? ते किती बरे झाले, याला पुरावा कुठंय?" मला राग यायचा. आमच्या घरच्यांची काळजीसुद्धा हा माणूस तपासायला घेतो!

मग काही दिवस ते आलेच नाहीत. आले तेव्हा हातात थर्मास होता. झाकण उघडताच आलं-मिऱ्यांचा वास सुटला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आई पुण्यात रोज काढा घ्यायची," ते म्हणाले. "मीच फोनवर म्हटलं, पुरावा कच्चा आहे, कशाला घेतेस? माझं ऐकून तिनं सोडला. परवा कोविडनं गेली. मला जाता आलं नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अहो, काढ्यानं काय त्या वाचल्या असत्या?"

सवयीनं त्यांचं बोट वर गेलं.

"नसती वाचली, याला तरी पुरावा कुठंय?"

ते बोट खाली घ्यायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.