एकवीस दिवसांची सुई

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले, गावानं साडीचोळी दिली, लोक माझ्याबद्दल चांगलं बोलले — तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं. मी पेढा तोंडात घातला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक सांगवतंय.

मी नर्स होते. मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका उपकेंद्रात एकोणीस वर्षं काढली. बाळंतपणं केली, लसी दिल्या, साप चावलेली माणसं जीपमध्ये घालून पाठवली. भित्री आहे असं मला कुणी म्हटलं नसतं. मीही म्हटलं नसतं.

रंजू ही गावातल्या कौसल्याबाईची एकुलती एक मुलगी. तेरा वर्षांची असताना घसा दुखून तिला ताप आला, मग गुडघे, घोटे सुजले. ताप उतरला, पण धाप राहिली. नागपूरला नेलं तेव्हा कळलं, त्या तापानं हृदयाची झडप खराब केली होती. जन्मतः हृदय चांगलं होतं पोरीचं. हे मागाहून लागलेलं. डॉक्टर म्हणाले, झडप पहिल्यासारखी व्हायची नाही, पण तो ताप पुन्हा आला नाही तर आहे तेवढ्यावर निभेल. आणि तो येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई. पंचविशी ओलांडेपर्यंत. एकही चुकवायची नाही.

दीड वर्ष ती मी दिली. औषध घट्ट, सुईत अडकायचं, कमरेत फार दुखायचं. रंजू माझ्या टेबलाची कड धरून उभी राहायची, रडायची नाही. लंगडत घरी जायची.

मग पलीकडच्या एका गावात माझ्या ओळखीच्या नर्सनं हेच औषध एका माणसाला दिलं आणि तो तिथंच कोसळला, गेला. तिची काही चूक नव्हती. अंगावर आधी थोडं टोचून पाहिलं होतं, तरी व्हायचं ते झालं. लोकांनी तिला दुपारभर खोलीत कोंडून ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी तिला भेटले. बोलता बोलता ती दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत होती.

त्यानंतर रंजू आली, तेव्हा मी म्हटलं, औषध आलं नाही. औषध कपाटात होतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एवढं खोटंही मला झेपेना. आरोग्य केंद्रात पाठवायचं होतं ना? अठरा किलोमीटर तर होतं. पण तिथले डॉक्टर विचारणार, तुम्ही का देत नाही? मी काय सांगणार होते — भीती वाटते?

मी म्हटलं, "आता हिले गरज नाई. बरी झाली पोरगी."

कौसल्याबाई घुटमळली. "पण बाई, नागपूरच्या डॉक्टरनं तर पंचवीस वर्षाची होयपर्यंत सांगतलं होतं."

"मी पाहून राह्यली ना," मी म्हटलं.

रंजू हसली. सुई टळली म्हणून पायऱ्यांवरून उड्या मारत गेली. मुदत संपल्यावर त्या बाटल्या मी उपकेंद्रामागच्या खड्ड्यात पुरल्या.

पुढच्या वर्षी तिला ताप आला. सांधे पुन्हा सुजले. मी गोळ्या दिल्या. तेव्हा तरी बोलायचं होतं — नाही बोलले. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरच्यांना झडपेचं कुणी सांगितलं नाही. बरी झाली असं नर्सबाईंनीच म्हटलं होतं ना? सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला आडवं होता येत नव्हतं. बसून झोपायची. तोंडाला फेस, पायांवर सूज. मीच तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. पुष्कळ झटल्या. पण झडप पार आकसून गेली होती आणि पोटातल्या बाळाचा भार त्या हृदयाला सोसेना. आधी बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजू गेली.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी नागपूरची जुनी चिठ्ठी पाहून विचारलं होतं, सुई बंद कुणी केली? मी तिथंच होते, कौसल्याबाईच्या शेजारी, हातात रंजूची फाईल.

कौसल्याबाई म्हणाली, "आमीच नाई नेलं. दुखते म्हणे पोरगी."

डॉक्टरीणबाई तिला बोलल्या. वॉर्डातल्या सगळ्यांसमोर बोलल्या — तुमच्यासारख्यांमुळेच पोरी मरतात. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी? मी फाईलमधली पानं सारखी करत होते.

ती तसं का म्हणाली? मला वाचवायला? की तिला खरंच तसं वाटत होतं, आपणच हट्ट धरायला हवा होता म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. तेच दुखणं, तीच सुई. मुलगी ऐकेना, आई कंटाळलेली. कौसल्याबाईच त्यांना समजावत घेऊन आली होती. आता गावात कुणाच्या लेकराला घसा धरून ताप आला की ती त्यांच्या दारात जाते. ती त्या आईला म्हणाली, "सुई बंद करू नको. मी केली, अन् माही पोरगी गेली. पाहिजे तर विचार बाईले."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

मी म्हटलं, "हो."