बाडेन-बाडेनचं मावंदं

आई काशीला गेली नाही, रामेश्वरला गेली नाही, आणि मावंदं घातलं ते बाडेन-बाडेनचं. तेही अमेरिकेत, शुगर लँडमधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये, चाळीस माणसं बोलावून. यात्रेहून आलं की लोकांना गोडाधोडाचं जेवण घालायचं आणि तीर्थ द्यायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. यात्रा कुठली, हा प्रश्न तिला पडलाच नाही. घाम फुटला होता तो मला.

तिने नागपूरला तीस वर्षं भूगोल शिकवला, हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. पार्ट्यांमध्ये ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर कागदी प्लेट सांभाळत बसायची, कुणी बोललं तर नुसती हसायची. उन्हाळ्यात आम्ही जर्मनीला गेलो आणि बाडेन-बाडेन या गरम झऱ्यांच्या गावात मात्र तिची कळी खुलली. आता ती चारचौघांत उभी राहून बोलणार होती. हसं झालं तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मी ओळखून होतो.

जेवणं झाल्यावर मी टीव्हीवर फोटो लावले. आईने सुरुवात केली. रोमन सैनिक थकलेली हाडं शेकायला तिथे आले, त्यांच्या स्नानगृहांचे दगड अजून जमिनीखाली आहेत. पुढे कित्येक शतकांनी युरोपभरचे राजेरजवाडे उन्हाळा काढायला येऊ लागले. दिवसा गरम पाण्यात डुंबायचे आणि संध्याकाळी झुंबरांखाली जुगार खेळायचे. नदीकाठची झाडांची वाट, मागे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर, सगळं तिने हवेत बोटाने नकाशा काढत सांगितलं. "एका जुन्या स्नानगृहात अंगावर कपडे चालत नाहीत," असं ती म्हणाली तेव्हा काकू मंडळी खुदखुदली. "मी बाहेरच बसले," तिने खुलासा केला.

मग स्टीलच्या बाटलीत भरून आणलेलं झऱ्याचं पाणी तिने पळीने एकेकाच्या तळहातावर घातलं. तेवढ्यात शाळेत जर्मन शिकणारी माझी मुलगी टीव्हीवर, जिथून ते पाणी भरलं त्या नळाच्या फोटोकडे बोट दाखवून ओरडली, "आजी, वेट! त्या बोर्डवर लिहिलंय, नॉट फॉर ड्रिंकिंग!"

सगळ्यांचे हात हवेतच थांबले. "काय वहिनी, सगळ्यांना एकदमच वर पाठवताय का?" साठीतले डॉक्टरकाका म्हणाले आणि हशा पिकला. आईकडे बघायचा मला धीर होईना.

"मागे कोण हसतंय?"

हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. हसणारे सावरले.

"फोटो मीच काढला, पाटी वाचली नाही. चूक माझी," आई म्हणाली. "आता सांगा, रोमन सैनिक तिथे पाणी प्यायला जायचे का?"

"नाही," चार-पाच जण पुटपुटले.

"मग कशाला?"

डॉक्टरकाकांनी चक्क हात वर केला. "हाडं शेकायला."

"शाब्बास. मग लावा गुडघ्यांना."

काकांनी खरोखरच पँट वर दुमडली. पाठोपाठ बाकीचेही गुडघ्यांना पाणी चोळायला लागले. आईची शाळा मुलींची होती, त्यामुळे तिच्या वर्गात बसायचं माझ्या नशिबी कधी आलंच नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तिचा पहिला तास ऐकला. अभिमानाने ऊर भरून आला, आणि मीही निमूटपणे पँट दुमडली.