गजाननरावांचं रात्रीचं विमान

मागच्या अधिक महिन्यातला एक रविवार. रक्कम साठ हजार रुपये. बैठक अकोल्याला, जुन्या शहरातल्या गजाननरावांच्या घरी. हजर माणसं पाच : आमच्या सासूबाई, त्यांच्या दोन मुली म्हणजे शोभाताई आणि माझी बायको मंगल, थोरले जावई गजाननराव आणि धाकटा जावई मी. विषय धोंड्याच्या वाणाचा. दोन्ही जावयांना काय द्यायचं, ते ठरवायचं होतं.

गजाननरावांना जाऊन आता दीड महिना झाला. सकाळी आंघोळीला पाणी काढता काढता बसले ते बसलेच. मंगलच्या फोनवर शोभाताई एवढंच म्हणाल्या, ‘‘हे उठून नाई राह्यले वं...’’ आम्ही अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर मंगलनं विचारलं, ‘‘तुम्ही कसला विचार करताय?’’ मी म्हणालो, काही नाही. विचार त्या रविवारचाच चालला होता, पण तेव्हा त्यात शरमेचं काही होतं हे मला माहीत नव्हतं. उलट मला वाटत होतं, बरं झालं, आपण त्यांचं एक काम तरी चोख केलं.

गजाननराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. आयुष्यभर कालवे, पाटचाऱ्या, गावांच्या शिवा कागदावर काढल्या. ‘‘तीस वर्षं जमीन वरून काढली साडभाऊ, पण वर काई गेलो नाई,’’ असं हसत सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा नाद लावून घेतला. तो काही पोरांचा गोळीबाराचा खेळ नव्हता. खऱ्या वैमानिकांना शिकवतात तसल्या धर्तीचा तो प्रोग्रॅम. त्यात खरी धावपट्टी, खरं वारं आणि वरून काढलेल्या छायाचित्रांवर उभी केलेली खरी जमीन. अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरून उठायचं, मोर्णा नदी ओलांडायची, उत्तरेला वळलं की पुढे सातपुडा. टेबलाला त्यांनी एक दांडा बसवला होता आणि खुर्चीवर बसताना चप्पल बाहेर काढून यायचे.

अडचण एकच होती, चित्र काढणाऱ्या कार्डाची. ज्यांना या गोष्टी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक भाग असतो. पडद्यावर जे दिसतं ते तो काढतो. त्याची स्वतःची मेमरी असते. खाली शेतं, झाडं, घरं जितकी जास्त तितकी ती जास्त लागते. कमी पडली की जमीन चिखलासारखी पसरते, चित्र अडकत अडकत पुढं सरकतं, आणि उतरायच्या ऐन वेळी अडकलं की विमान आपटतं. गजाननरावांचं जुनं कार्ड तर अकोला सोडायच्या आधीच मान टाकायचं. त्यांना सोळा जीबीचं कार्ड हवं होतं. किंमत बेचाळीस हजार.

कशासाठी हवं होतं, तेही त्या रविवारी सगळ्यांसमोर सांगून झालं होतं. आई, म्हणजे आमच्या सासूबाई, मूळच्या तेल्हाऱ्याच्या. तिथं त्यांचं वावर, म्हणजे शेत आहे, ठोक्यानं, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर कसायला दिलेलं. घरात पडून खुबा मोडला तेव्हापासून त्या लेकीकडे अकोल्याला असतात. पुन्हा वावर बघितलेलं नाही, गाडीत तेवढं बसवतच नाही. गजाननरावांनी त्यांना शब्द दिला होता, ‘‘आई, तुमाले वावर वरून दाखवतो. धुरा, विहीर, सारं.’’ म्हणून आईंनी स्वतःच सुचवलं (जावयांना त्या ‘बापू’ म्हणतात), ‘‘मोठ्या बापूले त्यायचं ते कार्ड घेऊन देऊ. उरतीन त्यात लहान्या बापूले चांदीचं ताट.’’

मी पतसंस्थेत लेखापाल आहे. बेचाळीस आणि अठरा, हे दोन आकडे ऐकल्याबरोबर माझ्या मनात त्यांची वजाबाकी झाली. मी म्हणालो, ‘‘आई, प्रश्न पैशांचा नाही. पण दोन जावयांत कमी-जास्त करू नये. तत्त्व म्हणून सांगतो.’’

आईंना उठवणं, दवाखाना, रात्रीची औषधं हे सगळं कोण करत होतं, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मंगलनं खाली पाहिलं. गजाननरावच लगेच म्हणाले, ‘‘साडभाऊचं बरोबर हाये न. तीस-तीस करा. वरचे बारा मी घालतो.’’

तिथंही मी थांबलो नाही. त्यांनी वरचे बारा घातले असते तर माझ्या तत्त्वाची किंमत कोण भरतंय ते सगळ्यांना अगदी स्वच्छ दिसलं असतं. मी म्हणालो, ‘‘कशाला घालता? मी बघतो. तिसात बसणारं चांगलं कार्ड मिळतं.’’

‘‘पाहा बाप्पा. तुमी सांगान ते आणतो. मले आकडे काय समजतात?’’ गजाननराव म्हणाले. त्यांना आकडे उत्तम समजत होते. कालव्याचा उतार काढणारा माणूस तो.

अमरावतीला परत आल्यावर मी चार संध्याकाळी खर्चून कार्डांची तुलना केली. किंमत, मेमरी, वीज किती खातं, हमी किती वर्षांची. एका जीबीला किती रुपये पडतात तेही काढलं. आठ जीबीचं साडेएकोणतीस हजाराला होतं, म्हणजे जीबीला जवळपास सदतीसशे. सोळाचं बेचाळीसला, म्हणजे सव्वासव्वीसशे. माझ्याच मापानं मोठं कार्ड स्वस्त पडत होतं. तो हिशेब मी बाजूला ठेवला आणि गजाननरावांना फोनवर सांगितलं, ‘‘आठ पुरतं.’’ मी अमरावतीतच कार्ड घेतलं तेव्हा दुकानदार म्हणत होता, काका, विमानासाठी असेल तर सोळाच घ्या, वाटलं तर आठवड्यात बदलून घ्या, वरचे पैसे भरा. मी त्याला म्हणालो, तुम्ही विकणारच.

वाण द्यायच्या दिवशी आईंनी ताटात तेहतीस अनारसे मांडले, दिवा ठेवला आणि मधोमध कार्डाचं खोकं. खोक्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली. मला चांदीचं ताट मिळालं, तीस हजारांचं. गजाननरावांच्या खोक्यासोबत तीस पुरे करायला पाचशेची एक नोट होती. तीही मीच आठवण करून ठेवायला लावली होती.

पुढे आम्ही अकोल्याला जायचो तेव्हा गजाननराव आणि आई कॉम्प्युटरसमोर बसलेले दिसायचे. पडद्यावर नेहमी काळोख. खाली दिव्यांचे ठिपके, मध्येच एखादी रस्त्याची ओळ. आई उशी पाठीला लावून बसायच्या आणि गजाननराव बोलत असायचे, ‘‘हे अकोट गेलं. आता डाव्या हाताले पाहा आई, थो एकटा दिवा दिसते न, थो आपला गोठा. त्याच्या पल्याड विहीर. कोनी मोटर चालू ठेवली वाटते, उद्या ठोकेवाल्याले फोन करा लागन.’’

‘‘मेला तसाच हाये थो,’’ आई म्हणायच्या. ‘‘बिल काई त्याच्या बापाले येते?’’

भरदुपारी, बाहेर अकोल्याचं ऊन, आणि हे दोघं अंधारात उडतायत. मी एकदा चेष्टा केली, ‘‘गजाननराव, तुम्ही वटवाघूळ झालात का? दिवसा का नाही उडत?’’

‘‘दिवसा ऊन लागते साडभाऊ. आईच्या तोंडाले फोड येतीन.’’ सगळे हसले, मीही हसलो. ‘‘आणि कार्ड कसं आहे?’’ मी दर वेळी विचारायचो. ‘‘एक नंबर,’’ ते दर वेळी म्हणायचे. मी ही गोष्ट लग्नकार्यात लोकांना सांगत असे, साडूचे बारा हजार कसे वाचवले ते.

ते जाण्याआधीची शेवटची भेट अमरावतीची. बेलोऱ्याच्या विमानतळावर विमान उतरताना बघायचं होतं त्यांना. मी स्कूटरवर नेलं. कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला आम्ही उभे राहिलो. विमान आलं, चाकं टेकली, धूळ उडाली. गजाननराव विमान थांबेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘दिवसा किती सोपं असते न उतरनं. सारं दिसते.’’ मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ऊन वाढलं होतं. मी म्हणालो, चला, मंगल जेवायची थांबली असेल.

तेरवी झाल्यावर शोभाताई म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्या कॉम्प्युटरचं पाहा. ठेवायचा की विकायचा, मले समजत नाई.’’ मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि प्रोग्रॅम सुरू केला. शेवटचं उड्डाण जसंच्या तसं जपलेलं होतं. शिवणी ते तेल्हारा, वेळ रात्रीची. विकायचं तर नीट चालतंय का ते पाहावं म्हणून मी वेळ बदलून सकाळचे दहा केले.

जमीन विरघळली. शेतांच्या जागी तपकिरी लगदा दिसत होता. विमान पुढं जायचं, थांबायचं, एकदम उडी मारायचं. अकोट यायच्या आत सगळं गोठून बसलं. मी पुन्हा रात्र केली. विमान लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. अंधारात झाडं, घरं काढायला लागत नाहीत, नुसते दिवे काढायचे. त्याला आठ जीबी पुरतं.

शोभाताई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, ‘‘ते रात्रीच का उडायचे?’’

‘‘दिवसा अडकते म्हनत. पहिल्याच दिवशी आईले दाखवाले बसले, तं सारा चिखल. आई म्हने, हे काय पूर आला का?’’

‘‘मग मला का नाही सांगितलं? दुकानदार आठवड्यात बदलून देणार होता.’’

‘‘मी म्हटलं तसं. तं म्हनत, वाणाची वस्तू बदलत नसतात. अन् म्हने, साडभाऊले सांगू नोको, त्यायनं लय मेहनतीनं काढलं हाये.’’ एवढं बोलून त्या आत गेल्या. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

म्हणजे ते गोठ्याचे, विहिरीचे दिवे प्रोग्रॅमनं आपल्या मनानं टाकलेले होते. गजाननराव त्यांना नावं देत होते. माझ्या आकड्यानं जे दिसेनासं झालं होतं ते हा माणूस अडीच वर्षं तोंडानं काढून दाखवत होता, आणि वर मला ‘एक नंबर’ म्हणत होता.

मी अमरावतीला येऊन त्याच दुकानातून सोळा जीबीचं कार्ड घेतलं. या वेळी तुलना केली नाही, घासाघीसही केली नाही. एक्केचाळीस हजार पाचशे दुकानदाराला दिले. पुढच्या रविवारी अकोल्याला जाऊन ते बसवलं. जुन्या कार्डाच्या खोक्यावरचं हळदकुंकू अजून गेलेलं नव्हतं; जुनं कार्ड त्यातच घालून ते खोकं मी नीट कपाटात ठेवलं. मग आईंना धरून आणलं, पाठीला उशी दिली आणि सकाळचे दहा वाजवले.

सगळं दिसलं. मोर्णेचा वळसा, अकोटचा रस्ता, सातपुड्याची निळी कड. तेल्हारा आलं तशा आई पुढं वाकल्या. वावर, धुरा, त्या बांधावरची कडुलिंबाची ओळ, विहिरीचा गोल. मला उतरता येत नव्हतं म्हणून मी विमान तिथंच गोल गोल फिरवत राहिलो.

‘‘आपलंच हाये,’’ आई म्हणाल्या. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘बोला न बापू.’’

‘‘काय बोलू आई?’’

‘‘ते बोलत.’’

मी पडद्यावर दिसत होते ते आकडे वाचले. ‘‘उंची दोन हजार फूट. वेग नव्वद. दिशा... दिशा उत्तर.’’

आईंनी मान हलवली, मोठ्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी. मी आणखी दोन वेळा उंची सांगितली. मग त्या म्हणाल्या, ‘‘चांगलं दिसते बापू. लय चांगलं. शोभा, चहा टाक यायले.’’

निघताना मी पाया पडलो. आईंनी बटव्यातून शंभराची नोट आणि एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला, जावई निघाला की ठेवतात तसा. मी नको म्हणालो नाही. मग त्यांनी पुन्हा बटवा उघडला. दुसरी शंभराची नोट सापडली, रुपया सापडेना. दोन वेळा चाचपला, शेवटी शोभाताईंकडून मागून घेतला. भिंत धरत धरत गेल्या आणि ते एकशे एक कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवले.

‘‘हे मोठ्या बापूचे,’’ मला म्हणाल्या. ‘‘सारखेच ठेवले हायेत. पाहून घ्या.’’