गालाने पाहिलेलं लाकूड

"हातावर भरोसा नोको ठेवू गा बाबू. हात खोटं सांगते."

असं म्हणत मावशी मशीन बंद करायची, फळीवरची धूळ पदराने झटकायची आणि खाली वाकून उजवा गाल लाकडावर टेकवायची. डोळे मिटून गाल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. कुठे खडबड लागली की थांबायची. "इथं राह्यलं." मशीन पुन्हा सुरू.

मोहाडीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात मी पॉलिश मारतो. माझ्याआधीचा हात मावशीचा. सुतारांनी दरवाजा किंवा दिवाण जोडून दिला की ती त्यावर घासाईची मशीन फिरवायची. मुठीत मावणारी, बुडाला गोल पॉलिश पेपर चिकटवलेली, दिवसभर गरगरत थरथरणारी मशीन. ती घाईने फिरवली की लाकडावर बारीक गोल ओरखडे राहतात. कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात बसला की उठून दिसतात. मावशीच्या लाकडावर मला ते कधी दिसले नाहीत.

तुम्ही तेव्हा आला असतात तर तुम्हीही थक्क होऊन पाहत राहिला असतात. गिऱ्हाइकं फोटो काढायची. मिस्त्री, म्हणजे आमचा मालक, छाती फुगवून सांगायचा, "आमची मावशी लाकडाशी बोलते." सुतार चिडवायचे, "मावशी, लाकडाशी पाट लावला का व?"

ती गालावरचा भुसा पुसत म्हणायची, "माणसापेक्षा बरं हाय बापा. दारू पेत नाही."

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती दरवर्षी सुट्टी घ्यायची. तिच्याइतक्या झपाट्याने धानाचे पऱ्हे चिखलात लावणारी बाई गावात दुसरी नाही, असं तिच्या गावच्या बायाच सांगायच्या. गेल्या पावसाळ्यात मात्र ती कारखान्यातच राहिली.

"यंदा रोवण्याले नाही गेली मावशी?"

"चिखलात पाय दुखते गा."

आम्ही माना डोलावल्या. वय झालं की पाय दुखतातच.

मग एका दुपारी ती सागवानी दरवाजा घासत होती. मशीन थांबली, मावशी वाकली, गाल फिरवला आणि समाधानाने वर उठली. तिचा गाल लाल झाला होता.

"मावशी, गालाले काय लागलं?"

"काय लागन? भुसा असन." तिने हाताने पुसलं. लाल रंग कानापर्यंत पसरला.

तेव्हा आम्ही तिचा हात पाहिला. फिरत्या पेपरने दोन बोटांची टोकं सोलून काढली होती. दरवाजावर रक्ताच्या गोल गोल रेघा उमटल्या होत्या. मावशीने ती बोटं डोळ्यांसमोर धरली, दुसऱ्या कोणाची असावीत तशी पाहिली, आणि आम्हालाच विचारलं, "हे कवा झालं गा?"

मशीनच्या रोजच्या थरथरीने तिची बोटं मेली होती. आधी मुंग्या यायच्या, मग थंडीत बोटं पांढरी पडायची, मग काहीच कळेनासं झालं. त्या पावसाळ्यात ती आम्हाला न सांगता एक दिवस धानाच्या बांधीत, चिखलात उतरली होती. "पऱ्हे हातात हाय का सुटले, तेच समजत नव्हतं," ती म्हणाली. म्हणून गाल. बोटांचं कळलं तर काम जाईल, म्हणून गाल. आम्ही जिला कला म्हणून मिरवत होतो, ती इजा होती.

मिस्त्रीने स्वतः तिच्या बोटांना फडकं बांधलं. बांधून झाल्यावर म्हणाला, "मावशी, आता घरी आराम कर."

"मले नोको काढू मिस्त्री. गाल हाय ना अजून."

मी भांडलो. उपचार कारखान्याने करावा, मशीन आळीपाळीने चालवावी, दुसरं हलकं काम द्यावं. मिस्त्री दरवाजावरचं रक्त खरवडत म्हणाला, "चार माणसाच्या दुकानात तू मले कोनता कायदा शिकवून राहिला?" सुतार खाली मान घालून रंधा मारत राहिले. त्यांच्याही घरी चुली आहेत, हे मला माहीत आहे. तरी ती खाली गेलेली मान मला आजही जाळते.

कारखान्यात तिच्या बोटांचं काय झालं त्याचं मी पत्रक लिहिलं, छापलं, तिच्या घरी घेऊन गेलो. तिने हात पुढे केला. कागद बोटांतून निसटून खाली पडला. तिने दोनदा उचलायचा प्रयत्न केला, मग म्हणाली, "तूच वाच बाबू."

मी वाचलं. माझा आवाज चढला होता. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझं नाव नाही ना त्याच्यात? कोनी काम देणार नाही मंग."

नाव नव्हतं. इथेही लिहिलेलं नाही.

काम तसंही कोणी दिलं नाही. आता ती एकोडीला मुलीकडे असते. मुलगी तिला तांदूळ निवडू देत नाही, चुलीजवळही बसू देत नाही. भाजलं तरी कळायचं नाही म्हणून.

तिच्या जागी नवी बाई आली आहे. लग्न होऊन आलेली, आसगावची. तिची बोटं अजून चांगली आहेत. पहिल्याच दिवशी तिने मशीन थांबवली, पदराने धूळ झटकली आणि वाकून फळीवर गाल टेकवला.

"काहून व ताई? हातानं पाह्य ना."

"मिस्त्री म्हणे, इथं असंच पाह्यते. गिऱ्हाइकाले आवडते."

गालावरचा भुसा पुसून ती हसली, आणि तिने मशीन पुन्हा सुरू केली.