आक्काची हायब्रीड आणि माझे तीन बोकड

माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्काची गाडी चार लाख किलोमीटरला टेकली आहे. चहाच्या टपरीवर मी हा आकडा आठ लाख सांगतो. लिहायचं म्हणून निम्मा केला.

आक्का तामलवाडीला शिक्षिका, राहायला धाराशिवात. सकाळी तुळजापूरचा घाट उतरायचा, दुपारी चढायचा, असं नऊ वर्षं चाललंय. उमरग्याच्या एका व्यापाऱ्याकडून तिनं ही हायब्रीड जुनी घेतली, तेव्हाच ती पावणेदोन लाख पळालेली होती. सगळ्या भावकीनं आक्काला येड्यात काढलं. पुढं पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटच्या पाठीमागं मोठी बॅटरी, असली गाडी आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. लोक वाकून वाकून प्लग शोधायचे.

"चार्जिंगला लावता कुठं?"

"लावावी लागत न्हाय. घाट उतरताना बॅटरी आपोआप भरती," मी सांगायचो. एवढं खरं. "आन् टाकीत लिटरभर पेट्रोलबी वाढतं," हे माझ्याकडचं.

गाडी एवढी टिकली ती कंपनीमुळं नव्हे, आक्कामुळं. ऑइल बदलायला अजून हजार किलोमीटर अवकाश असताना ती बदलून मोकळी होते. ब्रेक तर ती दाबतच नाही. लांबूनच पाय काढते, गाडी स्वतःच वेग ओढून घेते आणि त्याची वीज करते. एकदा मिस्त्रीनं ब्रेक पॅड बदलायला चाक उघडलं, आत बघितलं, होते तेच पॅड परत बसवले आणि वर आक्कालाच चहा पाजला. उन्हाळ्यात ती काचा वर करून एसी लावायची. मी एकदा म्हणालो, "मास्तरीणबाईंची ऐट वाढली."

"माझ्यासाठी न्हाय, बॅटरीसाठी हाय. ती आपल्यासंगं हीच हवा ओढती," आक्का म्हणाली.

मागच्या सीटच्या कडेला वीतभर लांबीची जाळी आहे. तिथून पंखा हवा ओढतो आणि बॅटरी गार ठेवतो. आक्का त्या जाळीला गाडीचं नाक म्हणते. तिथं पिशवी टेकवली म्हणून तिनं आमच्या सत्तरीतल्या चुलत्यांना भर रस्त्यात सांगितलं, "काका, तुमच्या नाकावर पिशवी ठेवली तर चालंल का?" काकांनी पुढचे तीस किलोमीटर पिशवी डोक्यावर धरली. दर शनिवारी शाळा लवकर सुटली की रंगाऱ्याचा मऊ ब्रश घेऊन ती जाळी बाहेरून झाडायची. जाळी काढून आतलं फिल्टर मात्र वर्षातून दोनदाच साफ करायची, दसऱ्याच्या आधी आणि मेच्या सुट्टीत.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच माझा गुन्हा मोठा.

दोन वर्षांमागं दिवाळीत आक्का दहा दिवस पुण्याला लेकाकडं गेली. जाताना चावी माझ्या हातात दिली.

"रोज दहा किलोमीटर फिरवायची. उभी राहिली की बॅटरी बसती. आन् मागं काय सामान ठेवायचं न्हाय."

सामान ठेवायचं नाही म्हणाली. कुणाला बसवायचं नाही, असं तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या दोस्ताच्या नातवाचं जावळ होतं. जेवणासाठी बेंबळीहून तीन बोकड आणायचे होते आणि टेम्पोवाल्यानं ऐनवेळी पाठ फिरवली. मी म्हणालो, "मी हाय ना!" उस्मानाबादी बोकड म्हणजे काळाभोर रंग, लांब कान आणि पाटलाचा रुबाब. एका खेपेला एक, असे तीन दिवस तिघांना मागच्या सीटवर बसवून आणलं. पहिला खिडकीतून असा बघत होता की रस्त्यावरच्या दोघांनी त्याला रामराम घातला. तिसरा मात्र भुकेला निघाला. मी मागं वळून बघेपर्यंत त्यानं जाळी उचकटली होती आणि तिच्यामागची फिल्टरची स्पंजासारखी पट्टी चावून गिळलीसुद्धा होती. मी जाळी परत दाबून बसवली, सीट शाम्पूनं धुतली आणि इतकं अत्तर शिंपडलं की मधमाश्या तुळजापूरपर्यंत पाठीमागं आल्या.

आक्का परतली. दार उघडून थबकली.

"अत्तर कुणाचं?"

"अत्तरवाल्याला लिफ्ट दिली."

"बरं," ती म्हणाली, आणि विषय मिटला.

मार्च उजाडला. दुपारी घाट चढताना डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला. शहरातल्या वर्कशॉपनं गाडीला यंत्र जोडलं आणि निकाल दिला, "बॅटरी तापतेय. वय झालं तिचं. आता गाडी काढून टाका." भाच्यानं पुण्याहून फोन केला, "आई, बास झालं आता. माणूस बघितलाय, रविवारी गाडी न्यायला येतोय." आक्काच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि शेवटच्या दिवशी शाळेतून घरी यायचं ते ह्याच गाडीनं, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती. तरी ह्या वेळी ती 'बरं' म्हणाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडं गेलो. अंगणात ती गाडीतलं सामान काढत होती. हवा मोजायचं मीटर, खडूची डबी, पुसायची फडकी. शेवटी तो ब्रश काढला, झटकला आणि पिशवीत टाकला. माझ्यासारख्या कोडग्यालाही ते बघवेना.

"आक्का, बॅटरी चांगली हाय. बोकडानं फिल्टर खाल्लंय."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "गप रे. गेल्या साली म्हणाला होतास, बिबट्यानं तुला लिफ्ट मागितली."

"तो बिबट्या खोटा होता. बोकड खरा हाय. तीन बोकड हायेत."

"मागच्या सीटवर?"

"व्हय."

"सीटबेल्ट लावला होता का त्यांना?"

जन्मभर थापा मारल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं बोलायची पाळी आली तेव्हा सख्खी बहीण चेष्टा करत होती. शेवटी मी पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर आणून तिच्या पायाशी ठेवले. "उघडून बघ. खोटं निघालं तर परत तुझ्या दारात येणार न्हाय."

"लई मोठं आमिष दाखवतोस," ती म्हणाली. पण बसली.

जाळी निघाली. मागं फिल्टर नव्हतंच. सीट उचकटून तिनं पंखा मोकळा केला. "नारिंगी वायरीला हात लावशील तर कोळसा होशील," एवढंच बजावलं. पंख्याच्या पात्यात धूळ आणि काळे केस असे गच्च बसले होते की तिनं चिमटीत धरून ओढलं, तर घोंगडीच निघाली. बरं, मूठभर निघालं. आक्कानं ते नाकाशी धरलं. अत्तर आणि बोकड, दोन्हीचा वास अजून शाबूत होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, कपाटातून नवं फिल्टर आणलं. वर्षापूर्वीच जादा आणून ठेवलेलं! माझ्याकडं जादा चप्पलसुद्धा नाही. पाती एकेक करून ब्रशनं झाडली, सगळं जागच्या जागी बसवलं, आणि भाच्यानंच कधीतरी पाठवलेलं बोटाएवढं यंत्र जोडून तो लाल त्रिकोण पुसला.

रविवारी भर बारा वाजता, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, तिनं गाडी घाटाखाली नेली. मला पुढं बसू दिलं नाही.

"मागं बस. जिथं त्यांना बसवलंस तिथं. हात जाळीशी धर आन् वारं ओढतंय का सांग."

चढ लागला. ट्रक मुंगीच्या पावलानं चाललेले. तळहाताला हवेची ओढ लागत होती.

"ओढतंय का?"

"ओढतंय."

प्रत्येक वळणावर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मी पुढं वाकून डॅशबोर्ड बघायचो. त्रिकोण नाही. घाटमाथा आला, तरी त्रिकोण नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी दुसऱ्या हातानं स्पीकर लावला. भाचा होता.

"मामा, आई फोन उचलत नाही. तो माणूस गाडी न्यायला दारात उभाय. कुठं आहात तुम्ही?"

"त्याला म्हणावं, लांबनं आलास, शेजारी पाणी पी आन् जा," आक्का पुढूनच म्हणाली. "गाडी विकायची न्हाय."

"का? मामा, झालं तरी काय?"

मी घसा साफ केला. "भाच्या, काय सांगू तुला! दिवाळीत ह्या गाडीत तीस बोकड..."

"तीन," आक्का म्हणाली. "आन् जाळीवरचा हात काढू नको."