फुडं दोगंच

“फुडं दोगंच,” असं म्हणत मामा उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे. केजच्या जीप स्टँडवर नवखा माणूस हे ऐकून हसायचा. तुम्हीही त्या काळ्या-पिवळ्या जिपांतून कधी गेला असाल. ड्रायव्हरशेजारी तिघं-चौघं कोंबलेले आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लोंबकळत गाडी हाकतोय. मामांच्या जिपेत मात्र पुढं ते आणि शेजारी एकच माणूस. बहुतेक वेळा मामी.

पण हे नंतरचं. आधी तेही सगळ्यांसारखेच माणसं कोंबायचे.

माझं स्टँडसमोर स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्या वर्षांत गावात सगळंच नवं येत होतं. एसटीडीचे पिवळे बूथ, केबलच्या तारा, फायनान्सवर उचललेल्या जिपा. पुढाऱ्यांची पोरं नवी गाडी पुढून खाली करून घ्यायची आणि नाक वाकवून गावभर मिरवायची. अशात एक दिवस मामांनी पुढचे शॉकप मागितले, आखूड. मी म्हटलं, “मामा, या वयात ष्टाईल?”

ते हसले नाहीत. “तिचा पाय उचलत न्हाई, आप्पा.”

मामींच्या खुब्याच्या हाडात कॅन्सर निघाला होता. सुया घ्यायला अंबाजोगाईला जावं लागे. एसटीची पायरी उंच. जिपेत मागं सतरंजीवर निजवून नेलं, तर प्रत्येक खड्ड्याला त्या किंचाळायच्या. पुढच्या सीटवर टेकून बसलं की तग धरायच्या, पण तिथं चढणं जमेना. मामांनी एकदा उचलून बसवलं, तर स्टँडवरची माणसं बघतात म्हणून त्या रडल्या. “आवो, सामानावानी चढवू नगा मला.”

पोरांच्या गाड्या खाली करणारा मिस्त्री कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, पाटे गॅसवर तापवून सपाट करायचा. झटपट काम. मामांनी त्याला लांबूनच हात जोडले. “तापवला की पाटा मेला. आज वाकंल, उद्या मोडंल.”

त्यांनी माझ्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःच काम काढलं. आधी चॅसीखाली बाभळीचे जाड ठोकळे लावले, मगच आत शिरले. जॅक आहे की, असं मी म्हणालो.

“नुसत्या जॅकवर गाडी ठिवून खाली गेल्याला मानूस म्या बघितलाय.”

“मग?”

“मग काय. गाडी उचलाया चौघं लागले.”

पुढच्या दोन्ही कमानींतून त्यांनी एकेक पाटा काढला. कमान चॅसीला जिच्यावर लटकते ती पट्टी, शॅकल, लेथवाल्याकडून जाड लोखंडात आखूड करून घेतली. पाटे कमी झाले म्हणून ते आवळणारे यू-बोल्टही नवे, मापाचे. गाडी आपटली तर लोखंड लोखंडावर बसू नये म्हणून खालचे रबरही बदलले. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठं घासतो का, ब्रेकची नळी कुठं ताणते का, ते हात घालून पाहिलं. शेवटी शेजारच्या सीटवर ज्वारीचं पोतं ठेवून दोरीनं बांधलं.

“हे कशाला?”

“तिच्या जागी.” त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि घमेल्यानं ज्वारी काढायला लागले. “आता येवढी न्हाई ऱ्हायली ती.”

ते अर्धं पोतं घेऊन मामा मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक मारून बघून आले. दुसऱ्या दिवशी खाली लाकडी पाट ठेवला, आणि मामी दांडीला धरून, दात आवळून, आपल्या पायांनी गाडीत बसल्या. डोईवरचा पदर नीट केला. मामा दुसऱ्या बाजूनं चढले आणि बराच वेळ चावीच सापडत नसल्यासारखं खिसे चाचपत बसले.

एक पाटा कमी म्हणजे वजन कमी. मामा मागंही मोजकीच माणसं घेऊ लागले. कमाई निम्म्यावर आली, पण कुणाच्या सांगण्यानं ऐकले नाहीत. मग एकदा तालुक्यातला एक पुढारी दोन माणसं घेऊन आला. मामी पुढं बसलेल्याच होत्या.

“बाईला मागं बसीव की.”

“तिला मागं जमत न्हाई, आण्णा. फुडं दोगंच.”

आण्णा रागावले नाहीत. हसले, आणि दुसऱ्या जिपेत बसून गेले. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर मामांचा नंबर लागेनासा झाला. बाकीचे ड्रायव्हर टायरकडं बघत उभे राहिले. मीही दुकानाच्या उंबऱ्यावर उभा होतो. मामा त्यानंतर गावाबाहेर नाल्याच्या पुलावर उन्हात थांबून माणसं मिळवायचे.

पोळ्याच्या आधी मामी गेल्या.

तेरावा झाल्यावर जिपेला गिऱ्हाईक आलं, नांदूरघाटकडचा तरणा ड्रायव्हर. त्याला गाडी आहे तशीच हवी होती. “खालीच ऱ्हाऊ द्या मामा, लई झ्याक दिसती.”

“पाटा कमी हाय. तू मानसं भरनार.”

“न्हाई भरनार, आईशप्पत.”

मामांनी त्याच्याकडं पाहिलं आणि बाभळीचे ठोकळे पुन्हा बाहेर काढले. जुने पाटे त्यांनी ग्रीस लावून ठेवले होते. ते परत बसवले, जुन्या शॅकल लावल्या. मी म्हटलं, मिस्त्रीला सांगा, तुम्ही बसा जरा. त्यांनी मान हलवली. गाडी ठोकळ्यांवरून उतरली तेव्हा पूर्वीसारखी उंच उभी राहिली. मामांनी आखूड शॅकल भंगाराच्या डब्यात टाकल्या, हात पुसले आणि चावी त्या पोराच्या हातावर ठेवली.

काही दिवसांनी ते लेकीकडं कळंबला राहायला निघाले. मलाही तिकडंच काम होतं, म्हणून एकाच एसटीत शेजारी बसलो. मांडीवर पिशवी. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला प्रवासी होऊन हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मी एक-दोनदा बोलायचा प्रयत्न केला. ते समोरच्या काचेकडं बघत होते.

खड्डा यायच्या जरा आधी त्यांचा उजवा पाय एसटीच्या पत्र्यावर दाबला जायचा.

“हळू,” ते पुटपुटायचे. “हळू.”

ड्रायव्हर पार पुढं. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. एसटी खड्ड्यात आदळायची, सगळे उडायचे, आणि मामा डोळे मिटून घ्यायचे.