जवाब रस्त्यात आहे

अक्का गेली हे मला फोनवर कळलं आणि ती कोण होती हे फ्लेक्सवर. तिसऱ्या दिवशी तिच्या सासरी कुरुंद्याला गेले तर चौकातच तिचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला कापून मोठा केलेला, आणि खाली ठळक अक्षरांत 'ज्योतिषशास्त्राच्या गाढ्या अभ्यासक'. माझ्या सख्ख्या बहिणीनं उभ्या जन्मात कुणाची पत्रिका हातात धरली नव्हती. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, सगळं गावच तसं म्हणून राहिलं. आईकडं ते ग्रहांचं पुस्तक व्हतं ना." पोटचा मुलगा, चांगला इंजिनिअर झालेला... आणि आईच्या जन्मभर हाताळलेलं पुस्तक त्यानं एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. महिना उलटला तरी माझा राग उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ते पुस्तक म्हणजे एक जुनी विज्ञान कादंबरी. अक्का दहावीला विज्ञानात शाळेत पहिली आली तेव्हा बक्षीस मिळालेली. आमच्या माहेरी, डोंगरकडा गावातल्या घरात आम्ही दोघींनी ती आळीपाळीनं वाचली. गोष्ट साधी होती. एक बाई यानातून फार लांबच्या ग्रहावर जाते. घरी निरोप पोचायला आणि त्याचं उत्तर यायला वर्षं लागतात. ती दुसऱ्या प्रकरणात काही विचारते आणि त्याचं उत्तर नवव्या प्रकरणात येतं, तोवर तिचं सगळं जगच बदललेलं असतं. घरून कळतं की लेकीला पहिला दात आला, आणि वाचणाऱ्याला ठाऊक असतं की लेक आता कॉलेजात असेल. पुढं एकदा ती विचारते, मी परत येऊ का? त्याचं उत्तर पार शेवटच्या पानावर. मी तेव्हा यानाच्या आणि यंत्रांच्या वर्णनावर खूश होते. अक्का म्हणायची, "यंत्रं तर चार पानांत जुनी होतात. हे पुस्तक धरून ठिवतं ते येगळ्याच गोष्टीनं. बाईनं इचारलंय अन् जवाब रस्त्यात हाय."

त्याच उन्हाळ्यात तिनं दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारलं होतं, नांदेडला सायन्सला जाऊ का. दादा वाईट माणूस नव्हते, पण नाही म्हणायचीही त्यांच्यात हिंमत नव्हती. ते म्हणाले, "बघू." बघू-बघूत दिवाळी झाली आणि तुळशीचं लग्न लागलं तशी अक्का कुरुंद्याला नांदायला गेली.

सासरी पहिल्याच महिन्यात ती एका दुपारी मोठ्यानं वाचत होती, 'आणि ते ग्रहावर उतरले.' सासूबाईंनी तेवढंच ऐकलं. त्याच आठवड्यात म्हैस आटली. झालं, पुस्तकावर खापर फुटलं. सुनेनं घरात ग्रह आणला. दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, पुस्तक उचलून गोठ्याच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं आणि अक्का पुस्तकामागं गोठ्यात गेली. हळकुंडं निवडायचं काम तिनं तिथंच मांडलं.

मग गंमत अशी झाली की हिच्याजवळ ग्रहांचं पुस्तक आहे हे ऐकून बायका येऊ लागल्या. लेकराला शनी हाय का, पोरीचं काहून जमून नाही राहिलं, तेवढं बघ. अक्का सांगून दमली की हे ते ग्रह नाहीत. कुणालाच पटेना. शेवटी म्हणाली, बसा, हळद निवडू लागा, मी वाचते. रोज प्रश्न पडायच्या जागी नेमकं पुस्तक मिटायची. पुढं काय झालं म्हणून विचारलं की गालातल्या गालात हसून म्हणायची, "बघू." दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पुन्हा हजर. दरवर्षी हळदीच्या दिवसांत ती पहिल्या पानापासून सुरुवात करायची आणि शेवटचं पान मात्र तिनं कधीच वाचून दाखवलं नाही. मी एकदा विचारलं, काहून गं? म्हणाली, "जवाब कळला की मग कोण येऊन बसतंय माझ्याजवळ?"

भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही पेढे घेऊन डोंगरकड्याला गेलो. दादा खूप थकले होते. अक्काचा हात धरून म्हणाले, "तुला शिकवायला पाह्यजे व्हतं, बाई." तिनं त्यांना पेढा भरवला. एस.टी.ची वाट पाहताना मला म्हणाली, "आला बघ जवाब. एवढी वर्षं रस्त्यात व्हता." आणि गाडी आली तशी पदरानं तोंड पुसून खिडकीची जागा धरायला पुढं गेली.

गेल्या आठवड्यात तिच्या महिन्याच्या श्राद्धाला पुन्हा गेले होते. मला तिची साडी नको होती, भांडी नको होती, फक्त ते पुस्तक हवं होतं. दाजी म्हणाले, "ते अस्थीसंगंच नदीत सोडलं. ग्रहाचं पुस्तक माणसामागं घरात ठिवू नये म्हणतेत." म्हणतेत! कोण म्हणतं, ते त्यांनाही सांगता येईना. तिला शिकू दिलं नाही, वाचायला गोठा दिला, मेल्यावर ज्योतिषी केली आणि वर तिचं पुस्तक बुडवलं. एवढं करून जेवणाच्या पंगतीत जो तो म्हणत होता, बाई गुणाची होती.

मी ताटावरून उठून गोठ्यात गेले. कोनाडा रिकामा होता. त्याच्या कडेला मात्र तिच्या बोटांचे पिवळे डाग तसेच आहेत, रोज हळदीच्या हातानं पुस्तक काढल्याचे... मी किती वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मागं काठी वाजली म्हणून वळले तर अक्काच्या सासूबाई. आता नव्वदीला टेकल्यात. दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मी रोज पत्र्याआडून ऐकत व्हते," त्या म्हणाल्या. "तिला ठावं न्हवतं."

मला खात्री आहे, अक्काला ठाऊक होतं.

"आता वाचणारीबी गेली अन् पुस्तकबी. पोरी, तू तर वाचलंय म्हणं. त्या बाईनं इचारलं व्हतं, घरी येऊ का म्हणून. काय जवाब आला तिला?"

शेवटचं पान मला तोंडपाठ आहे. ते सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. मी उंबऱ्याबाहेर येऊन चपला घातल्या.

"बघू," मी म्हणाले.